मोडलेले नाव पुन्हा जुळले पाहिजे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने समोरच्या सतरंजीवर बसून ऐकावे, हा रिवाज आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते वाळूजच्या कारखान्यात, संघटनेच्या कचेरीत आणि रात्री उशाला पुस्तक ठेवून. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य शोधू नये. मी जे पाहिले, ज्याचा हिशोब मला लागला, तेवढेच मांडणार आहे.

आजचा विषय संगणकाच्या कारखान्यातला आहे. संगणकाची आज्ञावली तयार होताना तिच्यातली नावे मोडून नव्या रूपात बांधतात. इंग्रजीत त्याला ‘नेम मँगलिंग’ म्हणतात. मँगलिंग म्हणजे चुरगाळणे, मोडतोड करणे. हे मोडणे असे व्हावयास पाहिजे की दोन निराळ्या नावांचे एकच रूप होऊ नये आणि मोडलेल्या रूपापासून मूळचे नाव पुन्हा जसेच्या तसे मिळावे, असा त्या विद्येतला आग्रह आहे. आपण म्हणाल, पाटोद्याला याचे काय? ज्या तालुक्यातून दिवाळीच्या आसपास हजारो माणसे ऊस तोडावयास बाहेर पडतात आणि ज्यांची नावे परक्या कारखान्याच्या कागदावर मोडून लिहिली जातात, त्या तालुक्याला याचे पुष्कळ काही आहे. तेच मला सांगावयाचे आहे.

पहिल्याने आपल्या गावापासूनच सुरुवात करू. मी वाळूजला कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी साहेबाने विचारले, “गाव कोणते?” मी म्हणालो, “पाटोदा.” तो म्हणाला, “मग सायकलवर येत जा की!” कारण वाळूजच्या जवळच एक पाटोदा आहे, आदर्श गाव म्हणून त्याचे नाव सगळीकडे झाले आहे. येवला तालुक्यात आणखी एक पाटोदा आहे. आपल्या शेजारचे शिरूर घ्या. शिरूर कासार आपले, शिरूर अनंतपाळ लातूरचे, आणि घोडनदीचे शिरूर पुणे जिल्ह्यातले. आष्टी आपली आहे, तशी वर्ध्याचीही आहे. आपल्या वाडवडिलांनी यावर तोड काढली होती. नुसते नाव पुरत नाही तेथे त्याला शेपूट जोडावयाचे: कासार, अनंतपाळ, बुद्रुक, खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. एका नावाची दोन गावे वेगळी ओळखू यावीत एवढ्यासाठी ही व्यवस्था. संगणकातली ‘मोडणी’ मुळात याहून निराळी नाही.

आता ती संगणकात का लागते ते पाहू. मोठी आज्ञावली एकाच कागदावर लिहिलेली नसते. तिचे शेकडो तुकडे असतात, आणि प्रत्येक तुकडा कंपायलर नावाची आज्ञावली वेगवेगळा भाषांतरित करते. एका तुकड्यात लिहिलेले असते, ‘बेरीज नावाचे काम करून आण’, आणि ते काम कसे करावयाचे हे भलत्याच तुकड्यात असते. हे सगळे तुकडे शेवटी जो जोडतो त्याला लिंकर म्हणतात. हा लिंकर म्हणजे आपला मुकादम समजा. पण असा मुकादम की ज्याला माणसांची ओळख मुळीच नाही. त्याच्या हातात केवळ नावांची यादी असते. अक्षरे जुळली की जोड, नाही जुळली की हात वर. नावामागचा अर्थ त्याला कळत नाही.

जुन्या ‘सी’ भाषेत एका नावाचे एकच काम असे, म्हणून भागत होते. पुढे बेल लॅबोरेटरीजमध्ये ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी ‘सी प्लस प्लस’ ही भाषा केली. तिची पहिली व्यापारी आवृत्ती 1985 साली निघाली. या भाषेत एकाच नावाची दोन कामे असू शकतात: पूर्णांकांची बेरीज आणि दशांश अपूर्णांकांची बेरीज. लिहिणाऱ्याने दोघांना ‘बेरीज’च म्हणावे. परंतु आपला आंधळा मुकादम गोंधळणार! म्हणून कंपायलर नावाला शेपूट जोडतो: एकाला ‘बेरीज-पू’, दुसऱ्याला ‘बेरीज-द’. बुद्रुक आणि खुर्दच झाले हे.

येथपर्यंत सोपे आहे. अवघड पुढे आहे. शेपूट कसे जोडावयाचे? सरसकट चिकटवून दिले तर काय होईल? समजा माझ्या वहीत मी सलग लिहिले, ‘हरिभाऊराव’. हा भाऊरावांचा मुलगा हरि आहे, की राव आडनावाचा हरिभाऊ आहे? दोन माणसे आणि लिखाण एक. यावर संगणकवाल्यांनी जी युक्ती केली ती ऐकून मला फार आनंद झाला, कारण ती कोणाही दुकानदाराला सुचावी इतकी साधी आहे. प्रत्येक तुकड्याच्या आधी त्यात अक्षरे किती ते लिहावयाचे. ‘2हरि4भाऊराव’ हा एक, ‘4हरिभाऊ2राव’ हा दुसरा. आता चूक होणे शक्य नाही. वाचणाऱ्याने आकडा वाचावा, तेवढी अक्षरे मोजून घ्यावीत, मग पुढचा आकडा वाचावा. आज अनेक कंपायलर जो एक समाईक करार पाळतात, त्यात हीच रीत आहे.

यावर कोणी चोखंदळ श्रोता विचारील, की एखाद्या नावाची सुरुवातच आकड्याने झाली तर? ‘12’ वाचला, तो बाराचा बारा समजावयाचा की एक हा आकडा आणि दोन हे नावाचे पहिले अक्षर? शंका रास्त आहे. बहुतेक भाषांत आज्ञावलीतले नाव आकड्याने सुरू करण्यास मनाईच असते, म्हणून तेथे प्रश्न उद्भवत नाही. ‘रस्ट’ नावाच्या नव्या भाषेने मात्र तरीही तजवीज करून ठेवली आहे: तुकडा आकड्याने सुरू होत असेल तर आकडा आणि तुकडा यांच्यामध्ये एक अधोरेखा मारावयाची. मग पुन्हा प्रश्न, तुकडाच अधोरेखेने सुरू झाला तर? तेव्हाही आणखी एक अधोरेखा मारावयाची. जी खूण आपण कुंपण म्हणून वापरतो तीच खूण शेतात उगवली तर ती ओळखण्याचा नियमही आधीच ठरला पाहिजे. ‘जावा’ भाषेत असेच आहे. तेथे एका विशिष्ट ठिकाणी नावाचे तुकडे अधोरेखेने जोडतात. म्हणून नावातच अधोरेखा असली तर तिच्यापुढे एक हा आकडा लिहून ‘ही कुंपणाची नव्हे, नावातली आहे’ असे कळवितात.

हे सगळे मला कसे कळले? आमच्या संघटनेच्या सभासदांची नोंद ठेवण्यासाठी एका कामगाराच्या मुलाने आज्ञावली लिहून दिली. ती एके दिवशी बंद पडली आणि पडद्यावर अक्षरे व आकडे यांची अगम्य रांग उमटली. मला वाटले, यंत्र बरळू लागले! त्या मुलाने ती रांग उचलून दुसऱ्या एका छोट्या आज्ञावलीला दिली, आणि क्षणात मूळचे नाव, कोणत्या तुकड्यातले, कोणत्या प्रकारचे, सगळे स्वच्छ समोर आले. चूक कोठे आहे ते त्यावरून दहा मिनिटांत सापडले. मी त्याला म्हणालो, “बाळा, कारखान्याच्या हजेरीपटातले नाव असे परत मिळविणारी आज्ञावली असती तर मी दोन वर्षे हेलपाटे घातले नसते.”

मित्रहो, आता मी मूळ मुद्द्याकडे वळतो. नाव मोडण्यात दोन प्रकारचे दोष असतात. एका रूपात दोन नावे मावतात, हा पहिला. एका नावाची अनेक रूपे होतात, हा दुसरा. आपले कागद या दोन्ही दोषांनी भरलेले आहेत.

आपल्या जुन्या मोडी लिपीकडे पाहा. अक्षरे मोडून लिहितात म्हणून मोडी, असे सांगतात. लेखणी न उचलता भराभर लिहिण्याला ती उत्तम. परंतु तिच्यात ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा ठेवीत नसत, आणि शब्दांमध्ये जागाही सोडीत नसत. गरीब तो ‘दीन’ आणि दिवस तो ‘दिन’, मुलगा तो ‘सुत’ आणि धागा तो ‘सूत’, हे लिहिण्यात सारखेच. तरी शतकानुशतके कारभार चालला. कसा चालला? वाचणाऱ्या कारकुनाला गाव ठाऊक होते, घराणे ठाऊक होते. लिपीत जे सुटले ते तो ओळखीने भरून काढी. निजामाच्या अमदानीत आपल्याकडे दप्तर उर्दूत होते. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, आणि ‘र’ व ‘ड़’ यांत डोक्यावरच्या एका बारीक खुणेचा फरक. इंग्रजी गॅझेटियरात आपल्या जिल्ह्याचे नाव ‘भीर’ वाचावे असे छापले आहे. पुढे त्याच जिल्ह्याची ‘बिड’ आणि ‘बीड’ अशी निरनिराळी स्पेलिंगे चालली. जिल्ह्याचे हे झाले, मग माणसाचे काय विचारता?

आज ती जागा रोमन लिपीने घेतली आहे. बडे हे आपल्याकडचे आडनाव. इंग्रजीत बी-ए-डी-ई असे चार अक्षरांत लिहा, आणि परक्या कारकुनाला परत मराठीत लिहावयास सांगा. ‘ए’चा अ होतो तसा आ होतो, ‘डी’चा ड होतो तसा द होतो. तेव्हा बडे, बाडे, बदे आणि बादे, चारही बरोबर! काळे लिहा: काळे, काले, कळे, कले. हा पहिला दोष. आणि त्याच काळ्यांचे स्पेलिंग बँकेत एक ‘ए’ घालून, भविष्य निर्वाह निधीत दोन घालून, आधारवर शेवटी ‘वाय’ जोडून. हा दुसरा दोष. एका माणसाची तीन माणसे झाली, आणि पैसे तिघांपैकी कोणालाच मिळत नाहीत.

यावर शहाणे लोक सांगतात, “नावाचा घोळ कशाला? नंबर आहे ना!” देशातले पहिले आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीत दिले गेले. बारा आकडे, आणि दोन माणसांना एकच नंबर नाही. चांगली गोष्ट आहे. मी नंबराचा वैरी नाही. पण नंबराने अर्धेच काम होते. दोन माणसे वेगळी राहतात, परंतु नंबराकडे पाहून माणूस कोण ते कळत नाही. त्यासाठी वही उघडावी लागते, आणि वहीत नाव चुकलेले असेल तर नंबर त्या चुकीवरच शिक्का मारतो. संगणकवाल्यांनाही हा धडा शिकावा लागला. रस्टच्या जुन्या रीतीत नावाच्या शेवटी अंकाक्षरांचा एक ठसा असे. नावे वेगळी राहत, पण ज्या बारकाव्यांवरून तो ठसा काढला ते ठशातून परत मिळत नसत. अंगठ्याच्या ठशावरून माणसाचे नाव वाचता येत नाही, तसे. म्हणून 2019 च्या सुमारास त्यांनी नवी रीत ठरविली. बारकावे नियमाने उघड लिहावयाचे, आणि नाव रोमनबाहेरच्या लिपीत असेल तर तेही ठरलेल्या सांकेतिक रूपात बसवावयाचे, म्हणजे उलगडताना मूळची अक्षरे जशीच्या तशी मिळतील. पाहा, कोणी आपल्या आज्ञावलीत ‘काळे’ असे देवनागरीत नाव ठेवले, तर त्यातला ‘ळ’ सुद्धा परत मिळतो! निर्जीव कामाच्या नावासाठी एवढी काळजी, आणि जिवंत काळ्यांना मात्र काले व्हावे लागते.

नाव लांबते अशी तक्रार तेथेही होती. तीवर उपाय असा, की एकदा आलेला तुकडा पुन्हा आला तर ‘सदरहू’ असे लिहावयाचे. आपल्या दप्तरातही सदरहू असतो, पण तो कोणाकडे बोट दाखवतो यावर कोर्टात वाद चालतात. यंत्राच्या सदरहूबरोबर तो तुकडा कोठला ते मोजून सांगितलेले असते. थोडक्यात लिहिणे वेगळे आणि गाळून लिहिणे वेगळे. थोडक्यात लिहिलेले पुन्हा उलगडता येते. गाळलेले कायमचे जाते.

गाळलेले कायमचे जाते, हे वाक्य मी पुस्तकात शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका फडावरून परत येताना उसाने भरलेले वाहन कलंडले आणि आपल्या भागातली एक बाई त्याखाली गेली. भरपाईसाठी मी तिच्या नवऱ्याबरोबर गेलो. कारखान्याच्या कचेरीत विचारणा झाली, “ही बाई आमच्याकडे कामाला होती याला पुरावा काय?” यादी काढली. यादीत नवऱ्याचे नाव, तेही रोमनमध्ये, आणि पुढे लिहिलेले: कोयता 1.

बंधूंनो, कोयता म्हणजे काय हे मी पाटोद्यात सांगावयाला नको. कोयता म्हणजे नवरा आणि बायको. उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर, आणि एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. पहाटे उठून भाकरी थापते ते वेगळेच. दोन माणसांचे मिळून एक अक्षर केले, आणि त्या अक्षरातून दुसरे माणूस परत काढण्याचा नियमच ठेवला नाही. शेवटी मुकादमाच्या खिशातली वही मागविली. तीत नवऱ्याच्या नावापुढे लिहिले होते, ‘व कारभारीण’. आमच्याकडे एवढाच पुरावा. समोरचे वकील म्हणाले, “कारभारीण हे काही नाव नव्हे.” आणि खरे सांगतो, त्यांच्या म्हणण्यावर मला उत्तर सुचले नाही. दोन वर्षे गेली. आम्ही हरलो. तो माणूस पुढच्या हंगामात पुन्हा फडावर गेला, अर्धा कोयता म्हणून.

त्या बाईचे नाव तिच्या माहेरी एक होते आणि सासरी दुसरे ठेवले होते. शाळेचा दाखला एका नावाचा, शिधापत्रिका दुसऱ्या नावाची. म्हणजे तिचे नाव आधी एकदा मोडले होते, आणि कोयत्यात पुसले गेले. यात कोणा एका कारकुनाचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. त्याला दिलेल्या रकान्यात एकच माणूस बसत होता. दोष रीतीचा होता.

मग रीत कशी असावी? मी चार गोष्टी सुचवितो. पहिली, दर माणशी एक ओळ. कोयता हा हिशोबाचा आकडा म्हणून खुशाल राहू द्या, पण यादीत दोन माणसांच्या दोन ओळी असल्या पाहिजेत, आणि दोघांनाही स्वतःचे नाव असले पाहिजे. ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे धोरण शासनाने अलीकडे घेतले आहे; ते बाईच्या हातातही पडते की नाही, हे आपण गावोगाव पाहावयास पाहिजे. दुसरी, रकाने वेगळे ठेवा. 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचेही नाव लिहावे असा निर्णय राज्याने केला आहे. उत्तम, पण सगळे एकाच पट्टीत कोंबू नका, नाही तर हरिभाऊरावांचा घोटाळा पुन्हा होईल. गावाबरोबर तालुका लिहा, बुद्रुक-खुर्द गाळू नका, आणि बाईचे माहेरचे नाव खोडू नका. नव्याशेजारी लिहून ठेवा. तिसरी, मूळ नोंद देवनागरीत. 1991 पासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे. यंत्राला येत नाही ही सबब आता उरली नाही. रोमन हवे असेल तर ते त्या मूळ नोंदीवरून एकाच नियमाने यंत्राने काढावे. दर खिडकीवर नव्याने कानोसा घेऊन टंकू नये. असा उलगडता येणारा नियम 2001 साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरलेलाही आहे. त्यात ‘ळ’ आणि ‘ल’ यांना वेगळ्या खुणा आहेत.

आणि चौथी सर्वांत महत्त्वाची. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी होते, तशी प्रत्येक यादीची उलटतपासणी करा. यादी लिहिणाऱ्याच्या हातातून ती काढून घ्या, ज्याला ती माणसे ठाऊक नाहीत अशाच्या हातात द्या, आणि म्हणा, यावरून मूळची नावे लिहून दाखव. जितकी जुळली तितकी यादी खरी. जी जुळली नाहीत त्या माणसांवर उद्या संकट येणार आहे असे समजा आणि आजच दुरुस्त करा. यंत्राचे लोक आपली रीत अशीच पारखतात: मोड, उलगड, आणि जुळते का पाहा.

कोणी म्हणेल, हे बारीकसारीक आहे, मजुरीचा दर वाढविण्याचे बोला. दर वाढविण्याचे मी आयुष्यभर बोलत आलो आहे, पुढेही बोलेन. परंतु वाढलेला दर ज्याच्या नावावर पडावयाचा ते नावच जर कागदावर नसेल, तर तो दर कोणाच्या पदरात पडणार? पूर्वी लिहिणारा आणि वाचणारा एकाच पाणवठ्यावर पाणी भरीत होते, म्हणून मोडके नावही चालून जात होते. आता वाचणारा दोनशे मैलांवर आहे, किंवा तो माणूसच नाही, यंत्र आहे. त्याला आपली ओळख नाही. जे लिहिलेले असेल तेच त्याच्या दृष्टीने आहे. म्हणून पूर्वी जे ओळखीवर सोडून दिले ते आता नियमात आणले पाहिजे.

आपण घरी गेल्यावर एक काम करा. घरातले सगळे कागद काढा. बायकोचे, आईचे, मुलीचे नाव प्रत्येकावर कसे आहे ते शेजारी शेजारी मांडून वाचा. जेथे जुळत नाही तेथे खूण करा, आणि हंगामाला माणसे बाहेर पडण्याआधी ते दुरुस्त करून घ्या. अडले तर संघटनेच्या कचेरीत या. आमच्या दारात पाटी लहान आहे, पण वहीत दर माणशी एक ओळ आहे.